झोपमोडीचा हिशेब

गूगलच्या इंजिनिअरांनी लिहिलेलं ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ हे जाडजूड पुस्तक २०१६ साली ओ’रायली प्रकाशनानं काढलं. अनेक यंत्रांवर पसरलेल्या सॉफ्टवेअरवर लक्ष कसं ठेवावं, हा त्यातल्या सहाव्या प्रकरणाचा विषय. लेखक रॉब एवाशुक, संपादक बेट्सी बायर. आमच्या धंद्यातल्या लोकांच्या तोंडी हे प्रकरण सतत असतं, पण ते त्यातल्या चार शब्दांपुरतं: लेटन्सी, ट्रॅफिक, एरर्स, सॅच्युरेशन. मुलाखतीत विचारतात, उमेदवार घडाघडा म्हणून दाखवतो, दोन्ही बाजू समाधानी. पाढ्यासारखे हे चार शब्द पाठ करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्या मागची-पुढची पानं वाचली असतील, याची मला शंका आहे. खरी गोडी त्या पानांत आहे.

रसग्रहण कवितेचं करावं, फार तर ललित लेखाचं. सर्व्हरवरच्या प्रकरणात कसला रस, असं कुणी म्हणेल तर त्याचं फारसं चुकत नाही. सुरुवातीची व्याख्यांची पानं मलाही रुक्षच वाटतात. तिथे न थांबता पुढे जावं. त्यानंतर एक गोष्ट जाणवायला लागते आणि शेवटपर्यंत सुटत नाही. आपण कुणाच्या बाजूनं बोलतो आहोत, हे या लेखकाला पक्कं ठाऊक आहे. रात्री फोन वाजून ज्याची झोप मोडली, त्या माणसाच्या उशाशी बसून त्यानं हे प्रकरण लिहिलंय.

पार्श्वभूमी थोडक्यात. कुठलीही मोठी सेवा शेकडो-हजारो यंत्रांवर चालते आणि प्रत्येक यंत्र दर काही सेकंदांनी स्वतःविषयीचे आकडे बाहेर टाकत असतं. मेमरी किती भरली, किती मागण्या आल्या, किती फसल्या. हे आकडे एका जागी गोळा करायचे आणि त्यांवर नियम लिहायचे: अमुक आकडा तमुक मर्यादेपलीकडे गेला, तर कळव. कळवण्याच्या तीन जागा. डॅशबोर्डवर दाखवा, ई-मेल किंवा टिकीट पाठवा, नाहीतर ऑन-कॉल माणसाचा फोन वाजवा. नियम लिहायला पाच मिनिटं लागतात. म्हणूनच ते हजारोंनी लिहिले जातात.

एवाशुक या ठिकाणी किंमत विचारतात. माणूस ऑफिसात असेल तर फोन वाजल्यावर हातातल्या कामाचा धागा तुटतो. घरी असेल तर संध्याकाळ जाते, नाहीतर झोप. हे वारंवार व्हायला लागलं की माणूस अंदाज बांधायला लागतो, मजकूर वरवर चाळतो, शेवटी न बघताच बाजूला सारतो, आणि एखाद्या रात्री त्या ढिगात खरा अलर्टही तसाच सारला जातो. हे सगळं ते कर्मचाऱ्याच्या महागड्या वेळाचा खर्च म्हणून मांडतात, कळवळा म्हणून मांडत नाहीत. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. कळवळ्याची भाषा वापरली असती, तर व्यवस्थापकानं सहानुभूतीनं मान डोलावून विषय संपवला असता. खर्च म्हटलं की त्याला वही उघडावीच लागते.

आता प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग: दोन रकान्यांचा एक छोटा तक्ता. डावीकडे लक्षण, उजवीकडे कारण. काय बिघडलंय आणि का बिघडलंय, हा फरक समजावण्यासाठी दिलेल्या या चार ओळी. पहिली ओळ सरळ आहे: वापरणाऱ्याला एररची पानं दिसताहेत, कारण डेटाबेस जोडणी नाकारतोय. दुसरीत खोडकरपणा डोकावतो. उत्तरं उशिरा येताहेत, कारण एकतर प्रोसेसर ‘बोगोसॉर्ट’मध्ये अडकलेत, नाहीतर रॅकखाली नेटवर्कची केबल चेपली गेलीय. बोगोसॉर्ट म्हणजे पत्ते उधळत राहायचे आणि आपोआप क्रम लागला का ते दर वेळी बघायचं, अशी मुद्दाम मूर्खासारखी रचलेली पद्धत. तिसरी ओळ पूर्ण हसवते. अंटार्क्टिकातल्या लोकांपर्यंत मांजरांची हलती चित्रं पोचत नाहीत, कारण मधल्या वितरण जाळ्याला शास्त्रज्ञ आणि मांजरं या दोन्हींचं वावडं आहे.

आपण हसत असतानाच चौथी ओळ येते. खाजगी मजकूर सगळ्या जगाला दिसतोय. कारण: नव्या आवृत्तीत परवानग्यांच्या याद्या पुसल्या गेल्या आणि कुणीही मागितलं तरी दार उघडायला लागलं. ही ओळ पुन्हा वाचावी. तिच्यात काहीच बंद पडलेलं नाही. प्रोसेसर शांत, उत्तरं झटपट, एरर शून्य. उलट, नकार द्यायचं कामच उरलं नसल्यानं आकडे कालच्यापेक्षा छान दिसत असतील. यंत्रांच्या तक्रारींवर नियम लिहिणारा त्या रात्री निवांत झोपेल, आणि सकाळी कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागेल. पहिल्या तीन ओळींत लक्षण म्हणजे ‘मंद’ किंवा ‘बंद’ असा आपला समज पक्का होतो आणि चौथी ओळ तो मोडते. लक्षण ठरतं ते सेवेनं वापरणाऱ्याला काय शब्द दिला होता यावरून. ही मांडणी लेखकानं जाणूनबुजून केली का, हे मला सांगता येणार नाही. पण मांजराच्या विनोदानंतर ती ओळ ठेवल्यामुळे ती बसते, आणि चांगली बसते.

याच तक्त्यातून प्रकरणाचा मुख्य आग्रह निघतो: फोन लक्षणावर वाजवा, कारणं डॅशबोर्डवर ठेवा. कारणं अगणित असतात. आज केबल चेपली, उद्या प्रमाणपत्राची मुदत संपेल, परवा आणखी काही होईल. लक्षणं मात्र मूठभर. शिवाय कारण घडलं म्हणून लक्षण दिसेलच, असंही नाही. दहापैकी एक सर्व्हर मेला आणि उरलेल्या नऊ जणांनी काम उचललं, तर रात्री अडीच वाजता तो मेलेला सर्व्हर कुणाला का दाखवायचा? (एक पळवाट त्यांनी ठेवलीय. राखीव काहीच उरलं नसेल, म्हणजे आणखी एक गेला की सगळंच गेलं अशी वेळ असेल, तर ती निकट आलेली आपत्ती समजायची. रास्त आहे.)

अलर्टविषयी बोलताना लोकांना हमखास ‘लांडगा आला रे आला’ आठवतं. मला ती गोष्ट इथे लागू वाटत नाही. त्या पोरानं खोटं ओरडून गंमत केली होती. आपले अलर्ट खोटं बोलत नाहीत. डिस्क नव्वद टक्के भरली म्हणतात, तेव्हा ती खरोखरच नव्वद टक्के भरलेली असते. लांडगा आहे, फक्त तीन डोंगर पलीकडे आहे आणि आपल्या दिशेनं येतही नाहीये. खरी पण निरुपयोगी माहिती खोट्यापेक्षा जास्त त्रास देते, कारण खोटा नियम चूक म्हणून खोडून टाकता येतो. खरा नियम खोडायला कुणाचाच हात धजत नाही. उद्या काही झालं तर?

हा नव्वद टक्क्यांचा नियम जवळून बघण्यासारखा आहे, कारण तो जवळजवळ सगळीकडे आढळतो. २० जीबीची डिस्क नव्वद टक्के भरली म्हणजे २ जीबी उरली. तिच्यावर तासाला ५० एमबी लॉग पडत असेल, तर हातात ४० तास आहेत. सोमवारी सकाळी बघितलं तरी चालतं. १० टीबीची डिस्क नव्वद टक्के भरली म्हणजे १ टीबी उरली. वाटतं, चिक्कार आहे. पण एखादी बिथरलेली प्रक्रिया तिच्यात मिनिटाला ५ जीबी ओतत असेल, तर साडेतीन तासांच्या आत खेळ खलास. नियम एकच आहे, पहिल्या जागी तो उगाच उठवतो, दुसऱ्या जागी खरोखरच उठायला हवं असतं, आणि दोन्ही गोष्टी तो एकाच सुरात सांगतो. एवाशुक सॅच्युरेशनबद्दल लिहिताना चार तासांत डिस्क भरेल असं सांगणाऱ्या अलर्टचा दाखला देतात. किती भरली यापेक्षा किती वेळ उरला, हा माणसाच्या कामाचा प्रश्न आहे. साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या आणि गूगलच्या ‘बोर्गमॉन’वरून स्फूर्ती घेतलेल्या ‘प्रॉमिथियस’ या देखरेखीच्या साधनात यासाठी ‘प्रेडिक्ट-लिनिअर’ नावाचं फंक्शनच आहे. अलीकडच्या वेगावरून ते सरळ रेष पुढे ओढतं. तरी त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. लॉग रोज रात्री पुसले जाणाऱ्या यंत्रावर दिवसभर रेष वर चढते आणि संध्याकाळी हे फंक्शन बोंब मारतं. म्हणून नियमाला दोन शेपट्या जोडायच्या: जागा खरोखर कमी उरलेली असावी, आणि ही स्थिती निदान अर्धा तास टिकलेली असावी.

खऱ्या सूचनांचा पूर काय करतो, याचं उदाहरण प्रकरणात नाही, पण वाचताना मला ते दर वेळी आठवतं. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या टेक्साको रिफायनरीत स्फोट झाला. सकाळच्या वादळात वीज पडून गोंधळ सुरू झाला होता, आणि पुढचे काही तास कर्मचारी तो निस्तरत होते. एका पात्रातून तेल बाहेर जायची वाट बंद होती, आणि पडद्यावर मात्र तिथला व्हॉल्व्ह उघडा दिसत होता. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. म्हणजे दर दोन-अडीच सेकंदांना एक. त्यातले बहुतेक खरेच असणार. संपूर्ण कारखान्याचं चित्र एका नजरेत दाखवणारा पडदा मात्र नव्हता. २६ माणसं जखमी झाली. दिवस रविवारचा, आवारात माणसं कमी, म्हणून एवढ्यावर भागलं. सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं की अलर्टचा कंटाळा हा आपल्याच पिढीचा शोध आहे. रसायन उद्योगानं त्यावर १९९९ सालीच मार्गदर्शक पुस्तिका काढलेली आहे.

पुन्हा प्रकरणाकडे. त्या प्रसिद्ध चौकडीवर फार थांबायला नको. ट्रॅफिक आणि सॅच्युरेशन कुणीही समजावून देईल. लेटन्सीचा परिच्छेद मात्र हळू वाचावा. यशस्वी मागण्यांचा वेळ आणि फसलेल्या मागण्यांचा वेळ वेगळा मोजा, असं तो सांगतो. डेटाबेसच तुटला असेल, तर एररचं पान क्षणात मिळतं. ते क्षण सरासरीत मिसळले, तर सेवा कोसळत असताना वेगाचा आलेख सुधारलेला दिसतो. लगेच जोडून तो म्हणतो की झटपट मिळालेल्या एररपेक्षा रखडून मिळालेली एरर वाईट, म्हणून फसलेल्यांचा वेळ फेकूनही देऊ नका. रेल्वेचं तिकीट काढताना अर्धा मिनिट गोल फिरणारं चक्र बघून शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ वाचलेल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागणार नाही.

मग सरासरीचा समाचार. उदाहरण असं: सेकंदाला १,००० मागण्या, सरासरी वेळ १०० मिलिसेकंद. ऐकायला उत्तम. पण यातल्या एक टक्का मागण्यांना ५ सेकंद लागत असतील तरी ही सरासरी तश्शीच राहू शकते, असं लेखक म्हणतात. कागदावर करून बघितलं की हे अंगावर येतं. १,००० मागण्यांचे मिळून १,००,००० मिलिसेकंद. त्यातल्या १० मागण्यांनी प्रत्येकी ५,००० खाल्ले, म्हणजे निम्मा वेळ त्या दहांचा. उरलेल्या ९९० जणांच्या वाट्याला जेमतेम ५० मिलिसेकंद. १०० मिलिसेकंदांचा अनुभव घेणारा माणूस या गर्दीत कुठेच नाही. आणि एक पान उघडायला मागच्या बाजूला अशा २० मागण्या लागत असतील, तर शंभरातल्या अठरा जणांना निदान एक तरी रखडलेली मागणी भेटणारच. ७० लागत असतील, तर निम्म्याहून अधिक लोकांना. म्हणून ते सरासरी सोडून वेळांचे गट पाडायला सांगतात: किती मागण्या ० ते १० मिलिसेकंदांत, किती १० ते ३० मध्ये, असं पुढे. आपल्याकडे किती सेवांच्या मासिक अहवालांत अजून ‘सरासरी प्रतिसाद वेळ’ हा एकच आकडा ठळक टाइपात छापला जातो, ते मोजायची माझी हिंमत नाही.

प्रकरणाच्या उत्तरार्धात एक प्रश्नावली येते. नवा नियम लिहिण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न. हा अलर्ट निरुपद्रवी आहे असं ओळखून मी कधी दुर्लक्ष करणार आहे का? यावर मला काही करता येईल का? ते आत्ताच करायला हवं, की सकाळपर्यंत थांबेल? तेच काम यंत्राकडून सुरक्षितपणे करून घेता येईल का? आणि एक प्रश्न, जो सहज नजरेतून निसटतो: याच बिघाडासाठी आणखी कुणाला उठवलं जातंय का? मोठ्या कंपनीत डेटाबेस डळमळला की डेटाबेसवाले उठतात, त्यावर बसलेल्या पाच सेवांचे पाच जण उठतात, आणि मग सहा जण एका कॉलवर येऊन एकमेकांना विचारतात, ‘तुमच्याकडे काय दिसतंय?’ पाच जणांना करण्यासारखं काहीच नसतं. पण कॉल सोडून झोपायला जाणं बरं दिसत नाही.

या प्रश्नांचा सूर मला आवडतो. नियम दिले असते, तर ते कुणीतरी टूलमध्ये घालून मोकळं झालं असतं. प्रश्नांना दर वेळी नव्यानं उत्तर द्यावं लागतं. साधेपणाविषयी लिहितानाही लेखक असाच कमी बोलतो. जो आकडा कुठल्या डॅशबोर्डवर नाही आणि कुठल्या अलर्टमध्येही नाही, तो काढून टाकायच्या यादीत जावा. तीन-तीन महिने ज्याला कुणी हात लावला नाही, तो नियमही त्याच यादीत. डेटाबेस मंद असेल तर डेटाबेसचा अलर्ट दे, नसेल तर साइटचा दे, असल्या नातेसंबंधांच्या साखळ्या गूगललाही फारशा जमल्या नाहीत, असं तो सरळ सांगतो. मला इथे हायसं वाटतं. टूल विकणारे नेमक्या याच साखळ्या दाखवून पैसे मागतात.

शेवटी दोन गोष्टी येतात, आणि त्यांच्यामुळेच हे प्रकरण निव्वळ नियमावली राहत नाही. पहिली बिगटेबलची. गूगलच्या आतल्या या साठवण यंत्रणेचं ध्येय सरासरी वेगावर बांधलेलं होतं. सर्वांत मंद पाच टक्के मागण्या इतक्या मंद होत्या की त्या सरासरीला खाली खेचत. ध्येय जवळ आलं की ई-मेल, ओलांडलं की फोन. दोन्हींचा पूर आला. टीमचा वेळ अलर्ट चाळण्यात जाई, आणि त्यातले खरोखर लोकांना भोवणारे अधूनमधून हातून सुटत. त्यांनी केलं काय? यंत्रणा सुधारायला घेतली, ते अपेक्षितच. पण त्यासोबत ध्येय तात्पुरतं सैल केलं, मोजमाप पंचाहत्तराव्या शतमकावर आणलं आणि ई-मेल सरसकट बंद केले.

हे करायला छाती लागते. ध्येय खाली आणणं म्हणजे हार, असा आपल्याकडचा आणि तिकडचाही समज. एवाशुक ते जखमेला आराम देण्यासारखं साधेपणानं सांगतात: फोन थांबला, म्हणून मूळ दुखणं बरं करायला वेळ मिळाला. फुशारकी नाही, माफीही नाही. गूगलसारख्या कंपनीच्या पुस्तकात आपल्या मुख्य यंत्रणेची अशी कहाणी छापायला देणं, हेही कौतुकाचंच.

दुसरी गोष्ट जीमेलची. सुरुवातीच्या काळात जीमेल ज्या व्यवस्थापकावर चाले तो ‘वर्कक्यू’ खरं तर शोधसूचीचे तुकडे ढकलण्यासाठी बनवलेला होता. सतत चालणाऱ्या कामांसाठी त्याला ठोकून-ठाकून बसवलं होतं. तो मधूनच एखादं काम सोडून देई आणि अलर्ट वाजे. हजारो कामं, प्रत्येकात वापरणाऱ्यांचा टक्क्याहूनही छोटा हिस्सा. तरी आपल्या लोकांची काळजी म्हणून प्रत्येकावर अलर्ट. मग टीमनं एक छोटं हत्यार बनवलं, जे वर्कक्यूला नेमक्या जागी ढोसून काम पुन्हा मार्गी लावी. इथे वाद उभा राहिला. आता सगळंच आपोआप का करू नये? एक बाजू म्हणे, करू या, निदान झोप मिळेल. दुसरी म्हणे, एकदा दुखणं जाणवेनासं झालं की मूळ दुरुस्ती कधीच होणार नाही. लेखक न्यायाधीश होत नाहीत. या वादाच्या तळाशी टीमचा स्वतःच्या शिस्तीवर नसलेला भरवसा असतो, एवढं ते नोंदवतात आणि चेंडू व्यवस्थापकांच्या अंगणात टाकतात: फोन शांत झाल्यावरही मूळ दुरुस्तीला वेळ देणं हे त्यांचं काम.

उणिवा दोन. पहिली सांगण्यापुरती आहे. हे प्रकरण आवाजाबद्दल जितकं बोलतं, तितकं शांततेबद्दल बोलत नाही. जे व्हायला हवं होतं आणि झालंच नाही, त्याचं लक्षण वापरणाऱ्याला लगेच दिसत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा रोजच्या बॅकअपची जागा रिकामी सापडली. पोस्टग्रेस ९.६ होतं, बॅकअपचं साधन ९.२ चं, ते रोज फसत होतं. फसल्याचे ई-मेलही निघत होते, पण डीमार्क या ई-मेल तपासणीसाठी लागणारी सही त्यांवर नव्हती म्हणून ते पोचण्याआधीच नाकारले जात होते. ही सगळी हकीकत गिटलॅबनंच उघडपणे मांडली. प्रॉमिथियसवाल्यांनी यावर एक मजेदार उपाय रूढ केला आहे: ‘वॉचडॉग’ नावाचा, कायम वाजत राहणारा अलर्ट. तो थांबला की बाहेर बसलेल्या दुसऱ्या यंत्रणेनं ओळखायचं की इकडची अलर्ट यंत्रणाच मेली. नियम किती जोरात लावायचा हेही प्रकरणात मोघम राहतं. ती जागा गूगलच्याच २०१८ च्या ‘वर्कबुक’ या पुस्तकानं भरली. ९९.९ टक्क्यांचं ध्येय म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटांची चूक माफ. त्या सवलतीचे दोन टक्के एका तासात उडाले, म्हणजे ती नेहमीच्या १४.४ पट वेगानं खर्च होत असेल, तर फोन वाजवा. यात मर्यादेऐवजी वेग बघितला जातो, डिस्कच्या उदाहरणासारखाच.

दुसरी उणीव मात्र पुण्यात बसून वाचणाऱ्यालाच दिसेल. प्रकरणाचा सगळा युक्तिवाद झोपेच्या किमतीवर उभा आहे. पण हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या नॉकमध्ये, म्हणजे देखरेख-कक्षात, रात्रपाळीला बसलेला एल-वनचा, पहिल्या फळीतला मुलगा झोपलेलाच नाही. अमेरिकेतल्या क्लायंटच्या दिवसभर तो जागा राहावा, म्हणूनच त्याला नेमलंय. समोर भिंतभर पडदे, अलर्ट आला की ठरलेल्या मिनिटांत ॲक्नॉलेज करायचा, ठरलेल्या कृतींची एसओपी उघडायची, टिकीट काढायचं, नाही सुटलं तर एल-टूला फोन. पडद्याकडे टक लावून बसायला माणूस लागू नये, असं एवाशुक म्हणतात. इथल्या कंत्राटांत ‘आइज ऑन ग्लास’ ही विकायची सेवा आहे. ठरीव, यांत्रिक उत्तर देता येईल असा अलर्ट त्यांच्या लेखी धोक्याची खूण; इथे ते उत्तर पायऱ्या-पायऱ्यांनी लिहून काढलं की एसओपी पूर्ण झाली म्हणून टीमची पाठ थोपटतात. जागा राहण्याचे पैसे आधीच दिलेले असल्यानं पुढचा अलर्ट फुकट वाटतो. जो फुकट वाटतो, तो कुणी छाटत नाही.

शिवाय गूगलच्या टीममध्ये ज्याची झोप मोडते, त्याच्याच हातात नियम खोडायची चावी असते. बिगटेबलवाले ई-मेल बंद करू शकले, कारण ते त्यांचे स्वतःचे होते. इथे नियम क्लायंटचा, टूल क्लायंटचं, आणि नव्वदचे पंचाण्णव करायचे तरी चेंज रिक्वेस्ट, दोन मंजुऱ्या आणि एक मीटिंग. अकाउंट मॅनेजरलाही घाई नसते. मासिक आढाव्याच्या पहिल्या स्लाइडवर किती हजार अलर्ट हाताळले तो आकडा असतो, आणि पुढच्या वर्षीची माणसं त्याच आकड्यावर ठरतात. एवाशुकही आकडा मोजायला सांगतातच. फोन किती वाजले, ते गूगलमध्ये दर तिमाहीला वरिष्ठांपुढे ठेवतात. तिथे तो ओझं म्हणून मांडला जातो, इथे कामगिरी म्हणून.

रात्रपाळीच्या मुलाला कंत्राट बदलता येणार नाही. त्याच्या हँडओव्हरच्या तक्त्यात मात्र एक रकाना वाढवता येतो: या अलर्टवर नेमकं काय केलं? त्याला क्लायंटची परवानगी लागत नाही. महिनाभर एकाच नियमापुढे ‘काही नाही, आपोआप गेला’ असंच भरलं गेलं, तर चेंज रिक्वेस्टला जोडायला तेवढा कागद तयार असतो.